जाताना 6 तास, येताना 24 तास? मावशीच्या इन्सुलिनपर्यंत पोचलेल्या एका फॉरवर्डला उत्तर

गुरुवारी रात्री साडेनऊला मिरजेहून मावशीचा फोन आला. मावशी 68 वर्षांची आहे. पंधरा दिवसांनी ती लेकीकडे न्यू जर्सीला चाललीय, एकटी आणि पहिल्यांदाच. "बॅग भरून झाली गं," ती म्हणाली. "इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकलंय, साड्यांच्या घड्यांमध्ये. फुटायला नको."

मी विचारलं, मोठ्या बॅगेत का? ती बॅग तर विमानाच्या पोटात जाणार, तुझ्या हाताला लागणार नाही.

"अगं, सहाच तासांचा तर प्रवास. रात्री दीडला निघायचं, सकाळी साडेसातला उतरायचं. साडेसातचं इंजेक्शन उतरल्यावर घेईन की, रोजच्या वेळेला."

मी गेली 18 वर्षं सांगलीत विमानाची तिकिटं काढून देते. मावशीचं तिकीटही मीच काढलंय, मुंबई ते न्यूयॉर्क थेट. साडेपंधरा तास लागतात हे मी तिला तिकीट हातात देताना सांगितलं होतं, जेवण किती वेळा येतं, बाथरूमला कधी जायचं, सगळं सांगितलं होतं. पण मधल्या काळात महिला मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं आणि माझ्या सांगण्यावर पाणी पडलं. गेल्या आठवड्यात तेच फॉरवर्ड मला तीन गिऱ्हाइकांनी दाखवलं, म्हणून आता बसून लिहितेय.

फॉरवर्ड थोडक्यात असं आहे: ‘विमान कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी 1,670 किलोमीटर वेगाने फिरते. विमान एकदा हवेत गेलं की पृथ्वी खालून सरकते आणि अमेरिका आपोआप जवळ येते. म्हणून मुंबई–न्यूयॉर्क जाताना 6 तास आणि येताना 24 तास लागतात. तिकिटावरच्या वेळा बघा, खात्री पटेल. जाताना प्रवास छोटा असल्याने औषधं हाताशी ठेवायची गरज नाही. पाणी कमी प्यावं म्हणजे उठावं लागत नाही. कंपन्या मुद्दाम सरळ मार्ग सोडून उत्तरेकडून वाकडं नेतात आणि किलोमीटर वाढवून पैसे उकळतात. तिकिटावरची वेळही फुगवलेली असते. उत्तर ध्रुवावरून आणि पॅसिफिकवरून विमानं का नेत नाहीत, ते विचारून बघा.’ खाली ‘एक निवृत्त वैमानिक’ एवढीच सही, नाव नाही.

ज्या मुद्द्याने माणूस दवाखान्यात पोचू शकतो, तो आधी घेते.

तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. 1.30 ही मुंबईची वेळ, 7.30 ही न्यूयॉर्कची. दोन वेगळ्या घड्याळांतल्या वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ निघत नाही. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्या लागतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे तिथे सकाळचे 7.30 वाजतात तेव्हा मिरजेत संध्याकाळचे 5 वाजलेले असतात. रात्री दीड ते संध्याकाळी पाच, हे झाले साडेपंधरा तास.

आता परतीचं. फॉरवर्डमध्ये 24 तास म्हटलेत, कारण न्यूयॉर्कहून दुपारी 12 ला निघालेलं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला उतरताना तिकिटावर दिसतं. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे 12 वाजलेले असतात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. रात्री साडेनऊ ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा, साडेचौदा तास. म्हणजे येताना जास्त वेळ लागतो हे तर खोटंच, उलट येताना साधारण तासभर कमी लागतो. लिहिणाऱ्याने आकडे तर चुकवलेच, दिशाही उलटी सांगितली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिकिटं काढणारे मुरलेले लोकही तिथे चुकतात. अमेरिकेतली बहुतेक राज्यं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपण घड्याळाला हात लावत नाही. त्यामुळे हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. मावशी डिसेंबरात परत येईल तेव्हा तिला साडेदहाने हिशेब करावा लागेल.

हा हिशेब इन्सुलिनला लावून बघा. मावशी पेनने दोनदा इन्सुलिन घेते, सकाळी साडेसातला नाश्त्याआधी आणि संध्याकाळी साडेसातला जेवणाआधी. 14 वर्षांत तिने वेळ चुकवलेली मला आठवत नाही. तिच्या शरीराला न्यूयॉर्कचं घड्याळ माहीत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी साडेसातला घेतलेल्या डोसनंतर ती थेट न्यूयॉर्कच्या ‘सकाळी साडेसातला’ पुढचा डोस घेणार होती. मिरजेच्या घड्याळाने ते 21 तास 30 मिनिटं होतात. पुढे इमिग्रेशनची रांग, मग बॅगेच्या पट्ट्यावर उभं राहणं, मग कुठे बॅग उघडायची. मधे विमानात दोन वेळचं खाणं, त्यात भात, ब्रेड, काहीतरी गोड. साखर कुठे गेली असती याचा विचार करूनच मला झोप लागली नाही.

त्यात इन्सुलिन कार्गोत. तिथे किती थंडी असेल याची खात्री देता येत नाही, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही, नंतर वितळलं तरीही नाही. बॅग हरवली किंवा दुसऱ्या विमानाने आली तर परक्या देशात पहिल्याच दिवशी औषध नाही. इन्सुलिन, सुया, साखर मोजायचं यंत्र, रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, हे सगळं हातातल्या पिशवीत घ्यायचं. सुरक्षा तपासणीत विचारलं तर चिठ्ठी दाखवायची. वयस्क मधुमेही प्रवाशाला मी तिकिटाबरोबर हे सांगतेच. डोस किती घ्यायचा आणि कधी, हे मी सांगणार नाही, फॉरवर्डनेही सांगू नये. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला येताना आखूड होतो, आणि त्यानुसार इन्सुलिन बदलावं लागू शकतं. ते डॉक्टरांनी तिकीट समोर ठेवून ठरवायचं असतं.

आणि ते ‘पाणी कमी प्या, उठू नका’. जागतिक आरोग्य संघटनेने लांबच्या प्रवासातल्या रक्ताच्या गुठळ्यांचा अभ्यास करून 2007 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, मग प्रवास विमानाचा असो, गाडीचा, बसचा की रेल्वेचा. मुळात धोका कमी आहे, चार तासांहून जास्त न हलता बसलेल्या 6,000 माणसांत साधारण एकाला, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण 68 वर्षांच्या, जड अंगाच्या, मधुमेही बाईला साडेपंधरा तास हलू नकोस, पाणी पिऊ नकोस असं सांगणं हा अपराध आहे. मावशीला मी खिडकीची जागा बदलून कडेची घेऊन दिली, ती खिडकीसाठी हट्ट धरून बसली होती तरी. दर दोन तासांनी उठून एक फेरी मारायची, बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायच्या.

आता पृथ्वी खालून सरकते या गोष्टीकडे येते. मावशीने तेच विचारलं: "पण पृथ्वी फिरते हे तर खरंय ना?" खरंच आहे. विषुववृत्तावर तिचा वेग ताशी 1,670 किलोमीटरच्या आसपास आहे हेही खरं आहे. फॉरवर्डमधली एवढी एक ओळ मान्य करते.

पण मग त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे हिशेब करू. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत साधारण 147 अंशांचं अंतर आहे. विमान मुंबईवर नुसतं थांबून राहिलं आणि पृथ्वी खालून सरकली, तर न्यूयॉर्कचं रेखांश यायला पावणेदहा तास लागतील. सहा नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःची कल्पनासुद्धा पाटीवर मांडून बघितलेली नाही.

त्याहून सोपी परीक्षा आपल्या घरातली आहे. मुंबई आणि नागपूर यांच्यात हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. नागपूर पूर्वेला, मुंबई पश्चिमेला. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी 1,570 किलोमीटरच्या आसपास वेगाने पूर्वेकडे जाते, आणि प्रवासी विमान ताशी 850 ते 900 ने उडतं. विमान हवेत गेल्यावर जमीन त्याला सोडून पुढे सरकत असती, तर मुंबईहून निघालेलं विमान नागपूरला कधीच पोचलं नसतं. नागपूर दर तासाला आणखी 700 किलोमीटर पुढे पळालं असतं. आणि नागपूरहून मुंबईला यायला इंधनच लागलं नसतं, वर जाऊन 25 मिनिटं थांबलं की मुंबई खाली. विदर्भातले किती लोक रोज या विमानाने ये-जा करतात. दोन्ही बाजूंनी वेळ जवळजवळ सारखाच लागतो, दीड तासाच्या आसपास. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा.

असं का होतं, हे कळायला विमानतळावर जायची गरज नाही. एसटीत उभं राहून उडी मारली तर आपण पुन्हा त्याच जागी उतरतो, मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, कारण उडी मारताना आपल्याला एसटीचा वेग असतोच. विमान जमिनीवरून उठतं तेव्हा त्यालाही पृथ्वीचा वेग असतोच, आणि ज्या हवेत ते उडतं ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. तशी फिरत नसती तर सांगलीत बारा महिने चोवीस तास पूर्वेकडून ताशी दीड हजार किलोमीटरचं वादळ वाहत राहिलं असतं.

ही शंका नवी नाही, आणि आपल्याकडे ती विचारणारा माणूस थोर होता. इसवी सन 499 मध्ये आर्यभटाने पृथ्वी फिरते असं मांडलं. नावेतून पुढे जाणाऱ्या माणसाला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दाखला. त्यावर वराहमिहिराचा आक्षेप होता की पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेल्या ससाण्यांना परत घरट्यात कसं येता येईल? प्रश्न रास्त होता, कारण हवा बरोबर फिरते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. आज आपल्या डोक्यावर घार घिरट्या घालते आणि संध्याकाळी त्याच झाडावर येऊन बसते. आपल्याकडे जमीन एका सेकंदात सव्वाचारशे मीटरहून जास्त पुढे जाते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या विद्वानाची शंका आज, उत्तर हाताशी असताना, औषधाचा सल्ला म्हणून ग्रुपवर फिरवणं मला सहन होत नाही.

मग येताना तासभर कमी का लागतो? वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तरेच्या देशांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग कधी कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो, पश्चिमेला जाणाऱ्याच्या तोंडावर येतो. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. त्या दिवशी अटलांटिकवर वादळ होतं आणि वारा पाठीशी होता. हे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात ते पृथ्वी फिरते म्हणूनच. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी संबंध आहे, पण वाऱ्यातून, आणि फॉरवर्ड सांगतं त्याच्या नेमका उलट.

याचा सगळ्यात पक्का पुरावा आपल्याच देशातला आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. तो मार्ग 13,900 किलोमीटरचा होता. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी तेच विमान उलट्या बाजूने, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. मार्ग झाला 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त. आणि पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. बातमी तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आली होती आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी कारण सांगितलं होतं, वारा पाठीशी असतो.

या एका उड्डाणासमोर फॉरवर्डचे तीन मुद्दे टिकत नाहीत. पृथ्वी खालून सरकत असती तर पूर्वेकडे निघालेलं विमान मागे पडलं असतं, ते दोन तास लवकर पोचलं. किलोमीटर वाढले की वेळ आणि पैसे वाढतातच असं नाही, इथे किलोमीटर वाढले आणि वेळ कमी झाला. आणि पॅसिफिकवरून विमानं नेत नाहीत म्हणणाऱ्यांना तर ते विमान पॅसिफिकवरूनच गेलं, एवढंच सांगायचंय.

वाकड्या मार्गाचं. इथे चूक होणं मी समजू शकते, कारण भिंतीवरचा नकाशा बघितला की सगळ्यांनाच तसं वाटतं. मावशीच्या घरी नातवाचा पृथ्वीगोल आहे, माळ्यावर पडलेला. रविवारी तो काढला, पुसला, आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला. मावशीने दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरलं, मी दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. तो अरबस्तानाकडे गेलाच नाही. मुंबईहून सरळ वर चढला, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग मॉस्कोला जवळजवळ चाटून हेलसिंकीवरून, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळून कॅनडात उतरला आणि न्यूयॉर्कला आला. मावशी दोन वेळा दोरा सोडून पुन्हा ताणून बघत होती. दोऱ्याला तर पैसे उकळायचे नाहीत. गोलावर ताणलेला दोरा सगळ्यात आखूड वाटेनेच जातो.

हे अंतर साधारण 12,500 किलोमीटर भरतं. आता भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क रेघ मारा. ती सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिक ओलांडते आणि सरळ दिसते, पण ती वाट साधारण 14,200 किलोमीटरची आहे. म्हणजे ‘सरळ’ नेलं तर 1,700 किलोमीटर जास्त. मोठं बोइंग 777 तासाला सात-आठ टन इंधन जाळतं. दोन तासांचं इंधन उगाच जाळणारी कंपनी महिनाभरही तग धरणार नाही. आणि भाडं किलोमीटरवर ठरत नाही, रिक्षाचं मीटर नव्हे ते. तुम्ही कधी काढता, जागा किती उरल्यात, सुट्टीचा हंगाम आहे का, दुसरी कंपनी काय घेते, यावर ते ठरतं. मे महिन्यात आणि सप्टेंबरात मी एकाच विमानाची तिकिटं काढते, वाट तीच असते आणि भाड्यात कितीतरी फरक असतो.

विमान कधीकधी खरोखर वाकड्या वाटेने जातं, हे मी नाकारणार नाही. बालाकोटनंतर 27 फेब्रुवारी 2019 पासून 16 जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. त्या काळात 2 जुलैपर्यंत एअर इंडियाचं 491 कोटींचं नुकसान झालं, असं सरकारने राज्यसभेत सांगितलं. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना पुन्हा आकाश बंद केलं आणि महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना त्यामुळे लांबून जावं लागलं, काहींना वाटेत युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं. युक्रेन युद्धानंतर 2022 पासून रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आकाश बंद केलंय. त्या वर्षी एका अमेरिकी कंपनीने आपलं मुंबईचं थेट विमान थांबवलं ते याच कारणाने. यात पैसे उकळणारं कोणी नाही. लांबच्या वाटेचा खर्च कंपनीच्याच खिशातून आधी जातो, आणि 491 कोटींचा आकडा तेच सांगतो.

तिकिटावरची वेळ फुगवलेली असते, हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे. मान्य करायला मला आवडत नाही, पण आहे. तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान एका विमानतळावर दारापासून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर दाराला लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरताना आकाशात घिरट्या घालणं, सगळं धरलेलं असतं, आणि वर थोडी शिल्लक ठेवलेली असते. मुंबई–दिल्ली साडेअकराशे किलोमीटर, हवेत दीड-पावणेदोन तास, तिकिटावर सव्वादोनच्या आसपास. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता-उतरवता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी वाट बघणं ठरलेलंच. शिल्लक ठेवली की उशीर झाला तरी ‘वेळेवर पोचलो’ म्हणता येतं, कंपन्या हे करतात, सगळ्या करतात. पण ही शिल्लक मिनिटांची असते. साडेपंधरा तासांचे सहा तास त्यातून होत नाहीत.

उत्तर ध्रुवाबद्दल एवढंच. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली फक्त महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर थेट विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. जवळपास 14,000 किलोमीटर, साधारण 17 तास. त्यांचे फोटो तेव्हा याच ग्रुपवर अभिमानाने फिरले होते.

रविवारी संध्याकाळी मावशीची बॅग पुन्हा उघडली. साड्यांच्या घड्यांतून पेन काढले, सुयांचं पाकीट काढलं, साखर मोजायचं यंत्र बाथरूमच्या पिशवीतून सापडलं. सगळं निळ्या कापडी पिशवीत भरलं, वर डॉक्टरांची चिठ्ठी. मनगटावरचं घड्याळ न्यूयॉर्कला उतरेपर्यंत मिरजेच्याच वेळेवर ठेवायचं ठरलंय, म्हणजे डोसची वेळ चुकणार नाही. परतीचा हिशेब तिने स्वतः कॅलेंडरच्या मागे केला, डिसेंबर म्हणून साडेदहा तास धरून. उद्या सकाळी 11 ला डॉक्टरांची वेळ घेतलीय. तिकिटाची छापील प्रत मी दिलीय, तिच्यावर दोन्ही उड्डाणांच्या वेळा भारतीय घड्याळाने लाल पेनने लिहून.